अडीच लाख, ८९१ आणि शून्य: आयोवातली कोरोना-मदतीची यादी कशी वाचायची

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कृषी अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी तुम्ही अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली सू काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) निवडलीत. २०२० मध्ये तिथल्या शेतकऱ्यांना कोरोनाची सरकारी मदत किती मिळाली याची यादी काढलीत आणि एकाच रस्त्यावरच्या तीन शेतकऱ्यांपाशी अडकलात. एकाच्या नावापुढे बरोबर २,५०,००० डॉलर. दुसऱ्याच्या नावापुढे ८९१. तिसऱ्याशी तुमचा ईमेलवर संपर्क आहे, त्याची डुकरांची दोन मोठी शेड आहेत, पण यादीत त्याचं नावच नाही. तुम्ही विचारता, ‘आपल्याकडे पीएम किसानचे दोन हजार सगळ्यांना सारखे आले. इथे वशिला चालला की राजकारण?’

मी वायव्य आयोवात शेतकऱ्यांचे कर-हिशेब बघते. त्या दोन वर्षांत या मदतीच्या अर्जांची कागदपत्रं आमच्या ऑफिसात रोजचीच झाली होती. वशिल्याबद्दल शेवटी बोलते. त्याआधी यादीतली रक्कम नेमकं काय मोजते हे बघू, कारण तुमच्या प्रबंधाची गाडी तिथेच रुळावरून घसरण्याचा धोका आहे. ती रक्कम शेतकऱ्याची गरज मोजत नाही, त्याचा तोटाही धड मोजत नाही. ठरावीक तारखेला त्याच्या मालकीचा किती माल भावाच्या जोखमीवर उभा होता, तेवढंच ती मोजते. हे एकदा पक्कं झालं की तुमचे तिन्ही आकडे बऱ्यापैकी उलगडतात. ‘बऱ्यापैकी’ म्हणते, कारण नुसत्या आकड्यावरून माणसाचा अर्ज शंभर टक्के ओळखता येत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. मार्च २०२० मध्ये शाळा, हॉटेलं, कार्यालयं बंद झाली. गाड्या थांबल्या, पेट्रोलचा खप कोसळला. अमेरिकेतल्या मक्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त इथेनॉलला जातो, त्यामुळे मक्याचा भाव त्याच्याबरोबर खाली आला. मग कत्तलखाने. इथून तासाभराच्या अंतरावर, साउथ डकोटातल्या सू फॉल्समधला स्मिथफील्डचा प्रचंड कारखाना एप्रिलच्या मध्यावर कामगारांमधल्या संसर्गामुळे बंद पडला. पाठोपाठ मिनेसोटातल्या वर्दिंग्टनचा जेबीएसचा आणि आयोवातल्या वॉटरलूचा टायसनचा. सू काउंटीत दहा लाखांहून जास्त डुकरं आणि गुरांचे मोठमोठे फीडलॉट, म्हणजे कत्तलीसाठी गुरं पोसायचे गोठे, आहेत. जनावर वजनाला आलं की ते गेलंच पाहिजे, मागचा कळप वाट बघत असतो. विकायला जागाच उरली नाही.

१७ एप्रिल २०२० ला केंद्रीय कृषी खात्याने १,९०० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले १,६०० कोटी थेट शेतकऱ्यांना द्यायचे होते, उरलेल्या ३०० कोटींतून ताजी फळं-भाज्या, दूध, मांस विकत घेऊन गरजूंना खोकी वाटायची होती. थेट मदतीचं नाव ‘कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम’, बोलताना सगळे ‘सी-फॅप’ म्हणतात. २६ मेपासून अर्ज सुरू झाले. सप्टेंबरमध्ये दुसरी फेरी आली. या दोन फेऱ्या आणि २०२१ मध्ये वरून घातलेली भर मिळून सुमारे ३,१०० कोटी डॉलर वाटले गेले.

पहिल्या फेरीतली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर टेकलेलं आहे. पैसा दोन वेगवेगळ्या थैल्यांतून आला. ९५० कोटी संसदेने मार्चमध्ये मंजूर केलेल्या केअर्स या कोरोना-मदतीच्या कायद्यातून आणि ६५० कोटी कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन या १९३३ पासूनच्या सरकारी महामंडळातून. पहिली थैली १५ एप्रिलपर्यंत झालेल्या भावघसरणीसाठी, दुसरी त्यानंतरच्या विस्कटलेल्या बाजारासाठी. दोन थैल्यांचे दर वेगळे होते आणि काही मालांच्या बाबतीत ते फारच वेगळे होते.

आता तुमचे ८९१ डॉलर. हा आकडा बघताच मी ३३ ने भागून बघितलं, आणि २७ बरोबर आले. १६ एप्रिल ते १४ मे २०२० या काळात शेतकऱ्याकडे जास्तीत जास्त जितकी गुरं होती, त्या प्रत्येकामागे दुसऱ्या थैलीतून ३३ डॉलर मिळत. म्हणजे या माणसाकडे २७ गुरं असावीत. वसंत ऋतू हा इथे वासरं जन्मण्याचा काळ, तेव्हा चौदा गायी आणि तेरा वासरं असा काहीतरी कळप माझ्या डोळ्यांपुढे येतो. जानेवारी ते एप्रिलमध्ये त्याने एकही जनावर विकलेलं नाही, नाहीतर रक्कम वाढली असती. अशी माणसं इथे पुष्कळ आहेत: नोकरी शहरात, घराभोवती तीस-चाळीस एकर कुरण, वडिलांच्या आठवणीसाठी ठेवलेल्या चार गायी. तुम्ही म्हणाल, आधी रकमेचे ८० टक्के दिले जात होते, मग हे ८९१ पूर्ण कशावरून? रास्त शंका. जूनमध्ये ८० टक्केच देत होते, उरलेले २० टक्के ऑगस्टपासून सुटले. पण ८९१ जर ८० टक्के असेल तर पूर्ण रक्कम १,११३.७५ होते आणि तिला ३३ ने भाग जात नाही. त्यामुळे ही पहिल्या फेरीची पूर्ण रक्कम आहे असं मी धरून चालले आहे. प्रत्येक यादी कोणत्या तारखेची आहे हे मात्र तपासाच, नाहीतर निम्म्या नोंदी ८० टक्क्यांच्या आणि निम्म्या पूर्ण, असा गोंधळ होईल.

दुसऱ्या फेरीत मांसाच्या गुरांना डोईमागे ५५ डॉलर होते, पण पैदाशीसाठी ठेवलेल्या गायी त्यातून वगळल्या होत्या. त्यामुळे याच माणसाला तेव्हा फक्त वासरांचे पैसे मिळाले असतील, तेरा असतील तर ७१५. तुमच्या यादीत ते दिसत नाहीत, म्हणजे तुम्ही बहुधा एकाच फेरीची यादी घेतली आहे.

२,५०,००० चा अर्थ त्याहून सोपा. ती कमाल मर्यादा आहे: एका माणसाला किंवा एका संस्थेला एका फेरीत याच्यापुढे नाही. बरोबर तो आकडा दिसला की समजायचं, हिशेबाने रक्कम जास्तच निघत होती, वरची कापली गेली. किती जास्त, ते यादी सांगणार नाही. सू काउंटीत हा माणूस फीडलॉटवाला असण्याची शक्यता मोठी. समजा त्याने १५ जानेवारी ते १५ एप्रिल या तीन महिन्यांत कत्तलीसाठी पोसलेले हजार बैल विकले. डोईमागे २१४ डॉलर, म्हणजे २,१४,०००. शिवाय एप्रिल-मेमध्ये गोठ्यात १,२०० जनावरं उभी, त्यांचे ३३ ने ३९,६००. बेरीज २,५३,६००. झाली मर्यादा. इथल्या मापाने हा काही फार मोठा फीडलॉट नाही.

यादीत अडीच लाखांवरचे आकडे दिसले तर लगेच घोटाळा म्हणू नका. कंपनी किंवा एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असेल आणि तिचे दोन किंवा तीन भागीदार प्रत्येकी किमान ४०० तास शेतावर काम किंवा व्यवस्थापन करत असतील, तर मर्यादा पाच किंवा साडेसात लाखांपर्यंत जाते. बाप आणि दोन मुलगे एकत्र शेती करतात, कागदावर कंपनी एक, तेव्हा यादीत एकच नाव आणि मोठा आकडा. उलट साधी भागीदारी असेल तर मर्यादा प्रत्येक भागीदाराला स्वतंत्र लागते. तेव्हा दरडोई तुलना करण्याआधी ‘डोई’ किती हे शोधावं लागतं. उत्पन्नाचीही अट होती: तीन वर्षांचं सरासरी समायोजित (म्हणजे ठरावीक वजावटी वगळून धरलेलं) उत्पन्न नऊ लाख डॉलरवर असेल तर मदत नाही. पण त्यातलं ७५ टक्के शेतीतूनच येत असेल तर ती अट लागू होत नव्हती. म्हणजे शेतीतून मालामाल झालेला आत, आणि हौसेने शेती करणारा श्रीमंत डॉक्टर बाहेर. यामागचा तर्क मला समजतो, पण गरजेशी त्याचा संबंध नाही.

आता तारखांबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. माझ्या मते सगळ्या योजनेतला सर्वांत मोठा अन्याय वशिल्यात नसून कॅलेंडरात होता. वर म्हटलं ते हजार बैल १० एप्रिलला विकले तर २१४ डॉलरच्या दराने २,१४,०००. तेच बैल २० एप्रिलला विकले तर ते १६ तारखेला गोठ्यात होते म्हणून ३३ च्या दराने ३३,०००. दहा दिवसांत १,८१,००० चा फरक. त्यातली गंमत, खरं तर क्रूर गंमत, अशी की कत्तलखाने बंद पडण्याचा खरा तडाखा एप्रिलच्या उत्तरार्धात आणि मेमध्ये बसला. ज्याला कारखान्याने ‘पुढच्या आठवड्यात आण’ म्हणून परत पाठवलं, जनावर वजनाच्या पुढे गेलं, चारा खात राहिलं आणि शेवटी पडेल भावाने गेलं, त्यालाच कमी मदत. हे कोणी मुद्दाम केलं नाही. केअर्स कायद्याची थैली मोठी होती आणि तिच्यातून १५ एप्रिलपर्यंतचंच नुकसान भरायचं ठरलं. महामंडळाची थैली लहान, आणि तिच्यावर पुढच्या सगळ्याचा भार. डिसेंबर २०२० च्या कायद्यात संसदेने याची काही दुरुस्ती केली: १६ एप्रिल ते १४ मे या काळात गोठ्यात असलेल्या पोसलेल्या गुरांना २०२१ मध्ये डोईमागे आणखी ६३ डॉलर आले, तेही नवा अर्ज न करता. म्हणजे ३३,००० चे ९६,००० झाले. २,१४,००० झाले नाहीत.

मक्याचा हिशेब निराळा, तरी गोम तीच. २०१९ च्या उत्पादनाचा निम्मा भाग, किंवा १५ जानेवारी २०२० ला कोठ्यांत पडून असलेला, अजून भाव न ठरलेला मका, यांतलं जे कमी असेल ते घ्यायचं. त्यातल्या अर्ध्याला बुशेलमागे ३२ सेंट आणि अर्ध्याला ३५ सेंट. (एक बुशेल मका म्हणजे साधारण २५ किलो, चार बुशेलचा क्विंटल धरा.) एक लाख बुशेल पिकवलेल्या आणि त्यातले साठ हजार राखून ठेवलेल्या माणसाचे पन्नास हजार बुशेल धरले जातात आणि १६,७५० डॉलर मिळतात. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याने सुगीतच, नोव्हेंबरमध्ये, सगळा मका एलेव्हेटरला, म्हणजे धान्य विकत घेणाऱ्या मोठ्या कोठाराला, घालून पैसे घेतले असतील किंवा आधीच करार करून भाव पक्का केला असेल, तर त्याला शून्य. जोखीम त्याने आधीच दुसऱ्याच्या अंगावर टाकली होती, तेव्हा कोरोनातल्या घसरणीने त्याचं काही गेलं नाही. इथपर्यंत तर्क सरळ आहे. पण सुगीत विकणारा बऱ्याचदा तोच असतो ज्याच्याकडे स्वतःच्या पोलादी कोठ्या नाहीत आणि ज्याच्या बँकेचा हप्ता डिसेंबरात असतो. साठवायची ऐपत असलेल्याला मदत मिळाली, नसलेल्याला नाही. तुमच्याकडच्या कांदाचाळीवाल्याला आणि बिनचाळीवाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसऱ्या फेरीत हे बदललं. १५ जानेवारीचा साठा हिशेबातून गेला, त्या वर्षी पेरलेले एकर आले. मक्याला एकरी उतारा गुणिले ५८ सेंट गुणिले ४० टक्के, आणि निदान एकरी १५ डॉलर. दोनशे बुशेल उतारा असेल तर एकरी ४६ डॉलर ४० सेंट, पाचशे एकरांचे २३,२००. वर २०२१ मध्ये एकरी आणखी २० डॉलर. तेव्हा पहिल्या फेरीत कोरडा राहिलेला शेजारी दुसऱ्या फेरीत बरोबरीला आला. फक्त तोवर मक्याचा भाव चढायला लागला होता. एकरी २० डॉलरची ती भर खात्यांवर पडली तेव्हा मका गेल्या कित्येक वर्षांत नव्हता इतका महाग झाला होता. त्या पैशांतून बऱ्याच जणांनी यंत्रांचे हप्ते फेडले, काहींनी जमिनीच्या लिलावात बोली वाढवली. मदतीच्या नावाने आलेला पैसा शेवटी जमिनीच्या भावात मुरला, असं मला माझ्या टेबलाच्या या बाजूने दिसलं. आकडेवारीने सिद्ध करायचं असेल तर तुमच्या प्रबंधाला तो एक चांगला विषय आहे.

तुमचा तिसरा शेतकरी मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. डुकरांची दोन शेड, तरी शून्य. तो बहुधा करारावर पाळणारा आहे. शेड त्याची, त्यासाठी काढलेलं कर्ज त्याचं, राबणारे हात त्याचे. डुकरं आणि खाद्य मात्र कंपनीचं किंवा दुसऱ्या मोठ्या शेतकऱ्याचं. भावाची जोखीम डुकरांच्या मालकाची, म्हणून मदतही मालकाला. पहिल्या फेरीत एप्रिल-मेमधल्या साठ्यावर डुकरामागे १७ डॉलर होते, दुसऱ्या फेरीत २३. दोन शेडमध्ये मिळून ४,८०० डुकरं धरली तर दुसऱ्या फेरीचे १,१०,४०० डॉलर त्यांच्या मालकाच्या नावे पडले (त्याची मर्यादा आधीच संपली नसेल तर), शेडवाल्याच्या नावे काही नाही. आता म्हणाल, त्याचं काय गेलं, त्याला तर ठरलेला मोबदला मिळतो? कत्तलखाना बंद झाला तेव्हा शेडमधली डुकरं हलेनात, नवी पिल्लं वेळेवर आली नाहीत. काहींची शेड महिनोन्‌महिने रिकामी राहिली आणि बँकेचा हप्ता चालूच. महाराष्ट्रात करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकनमुळे कोरोना होतो ही अफवा पसरून भाव मातीमोल झाले, तेव्हा पिल्लं कंपनीची होती तरी रिकामं शेड शेतकऱ्याचंच होतं.

इथल्या करारवाल्यांसाठी डिसेंबर २०२० च्या कायद्यात १०० कोटी डॉलरपर्यंतची तरतूद झाली. आधीच्या वर्षाच्या तुलनेत २०२० चं उत्पन्न जितकं घटलं त्याच्या ८० टक्के, असा तिचा आधार. अर्जाची मुदत ऑक्टोबर २०२१ पर्यंत होती. तुमच्या तिसऱ्या माणसाला विचारा: ‘डुकरं कोणाच्या नावावर होती, आणि २०२१ मध्ये अर्ज केलात का?’ कदाचित २०२१ च्या यादीत त्याचं नाव सापडेल. तो करारवाला नसेल तर आणखी दोन शक्यता उरतात: त्याने अर्जच केला नाही, किंवा त्याची शेती कंपनीच्या नावावर आहे आणि तुम्ही आडनावाने शोधताय. सरकारकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवून अर्ज न करणारी माणसंही या डच वळणाच्या, चर्चला धरून असलेल्या भागात मी पाहिली आहेत. फार नाहीत, पण आहेत.

अंड्यांचंही सांगते, कारण आयोवा अंड्यांत देशात पहिलं. पाच टक्क्यांहून कमी घसरण झालेल्या मालाला पहिल्या फेरीत जागा नव्हती. टरफलातली अंडी मार्चमध्ये उलट महागली, लोक घरी बसून खात होते. हॉटेलांना जाणारी फोडलेली, पातळ अंडी मात्र कोणी घेईना. ती मदतपात्र मालाच्या यादीत ऑगस्टमध्ये आली. एकच कोंबडी, अंडं कोणत्या गिऱ्हाइकाकडे जातं यावर मदत.

आता वशिला. या योजनेचं काम कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीची काउंटी कार्यालयं करत होती. तिथली काउंटी समिती शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली असते, तेव्हा ओळखीपाळखी असतातच. पण दर, तारखा, मर्यादा सगळं वॉशिंग्टनहून ठरून आलेलं होतं, समितीच्या हातात रक्कम वाढवण्याची मोकळीक नव्हती. कच्चा दुवा दुसरीकडे होता: आकडे शेतकऱ्याने स्वतः लिहून सही करायची. कार्यालयं जनतेला बंद, अर्ज फोनवर आणि दाराबाहेरच्या पेटीत. नंतर काही अर्ज तपासणीसाठी काढले गेले आणि विक्रीच्या पावत्या, कोठ्यांची मापं, गुरांच्या नोंदी मागितल्या गेल्या. त्या ज्यांच्याकडे नीट नव्हत्या त्यांची धावपळ आम्ही पाहिली. खोटं कोणीच लिहिलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या तीन आकड्यांमधला फरक समजायला खोटेपणाची गरज पडत नाही, सूत्र पुरेसं आहे.

राजकारण सूत्राच्या आत होतं, ते असं. जो मदत मालाच्या नगावर मोजतो तो ज्याच्याकडे जास्त माल त्यालाच जास्त देणार. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमीन, कर्ज आणि साठवण कमी पोचली त्यांना कमी. मार्च २०२१ मध्ये नवे कृषिमंत्री टॉम विल्सॅक, जे स्वतः आयोवाचे माजी गव्हर्नर, म्हणाले की आधीच्या सरकारच्या कोविड मदतीतला ०.१ टक्काच कृष्णवर्णीय शेतकऱ्यांपर्यंत गेला. त्याच महिन्यातल्या कायद्यात वंचित गटांच्या शेतकऱ्यांची कर्जं फेडण्याची तरतूद झाली, पण गोऱ्या शेतकऱ्यांनी दावे लावले, जून २०२१ मध्ये न्यायालयांनी ती रोखली आणि २०२२ मध्ये ती रद्दच झाली. सू काउंटीत जवळपास सगळे शेतकरी गोरे असल्याने हा पदर तुमच्या यादीत दिसणारच नाही. एका काउंटीवरून देशाबद्दल लिहिताना हे सांभाळा.

पीएम किसानशी तुलना करायची असेल तर एका मुद्द्यावर करा: पैसा कोणाच्या मागे जातो. मार्च २०२० मध्ये जाहीर झालेले दोन हजार हे वर्षाच्या सहा हजारांतलाच हप्ता, एप्रिलमध्ये लवकर दिलेला. आणि ‘सगळ्यांना सारखे’ म्हणजे ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांना. खंडाने किंवा वाट्याने कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. कूळकायद्याच्या धास्तीने मालक लेखी करार करत नाहीत, तेव्हा कसणारा बाहेरच. आयोवात बरोबर उलटं. इथली निम्म्याच्या आसपास जमीन भाड्याने कसली जाते. मालकाने रोख खंड घेतला असेल तर त्याने जोखीम घेतलीच नाही, मदत सगळी कसणाऱ्याला. पिकाचा वाटा घेत असेल तर दोघांना वाट्याप्रमाणे. म्हणून तुमच्या यादीत शिकागोत राहणारी एखादी विधवा जमीनमालकीण दिसली तर चकित होऊ नका, ती वाट्याने देत असणार. इथे जमीन नसलेला शेतकरी आत आणि शेडवाला बाहेर. तुमच्याकडे मुंबईत राहणारा सातबाराधारक आत आणि राबणारा बाहेर.

यादी स्वच्छ करताना आणखी दोन गोष्टी. २०२० च्या बेरजेत चीनबरोबरच्या व्यापारयुद्धाची भरपाईही मिसळलेली असते. २०१९ च्या त्या योजनेचा शेवटचा हप्ता २०२० च्या सुरुवातीला आला. तिचे एकरी दर काउंटीनुसार होते आणि कोरोनाशी त्यांचा संबंध नाही, ते आधी बाजूला काढा. आणि कुठे २०,८३३ हा आकडा पुन्हा पुन्हा दिसला तर ती पीपीपी, म्हणजे बँकेमार्फत दिलेलं माफीचं कर्ज. सुरुवातीला ते निव्वळ नफ्यावर मोजत, आणि शेतकरी कागदावर नफा दाखवतो कुठे? डिसेंबर २०२० नंतर ढोबळ उत्पन्नावर, कमाल एक लाख धरून मोजायला लागले. लाखाचा बारावा भाग गुणिले अडीच म्हणजे २०,८३३. त्यानंतर माझ्या ओळखीतले बहुतेक सगळे त्या रांगेत उभे राहिले. माफ झालेल्या पीपीपीवर केंद्राचा आयकर नाही. सी-फॅपवर मात्र आयकर आहे, वर १५.३ टक्के स्वयंरोजगार करही. सरकार तो आधी कापून घेत नाही, वर्षाअखेर १०९९-जी नावाचा कागद पाठवतं. मदत खर्च करून बसलेल्यांचे तो कागद आल्यावरचे फोन मला चांगले लक्षात आहेत. पीपीपी आणि सी-फॅप या दोन्ही याद्यांतले डॉलर सरळ बेरजेत घालू नका.

तेव्हा प्रबंधात प्रत्येक नोंदीपुढे चार रकाने करा: कोणती योजना, कोणती फेरी, नाव माणसाचं की संस्थेचं, आणि आकडा मर्यादेला टेकलेला आहे का. एवढ्याने तुमच्या निम्म्या शंका फिटतील. उरलेल्या निम्म्यांसाठी माणसांना विचारावं लागेल, माल कोणाचा होता आणि कधी विकला.

रुपयांत मांडताना २०२० चा दर ७४-७५ धरा, पण तिथे थांबू नका. ८९१ डॉलरचे ६६ हजार रुपये लिहिलेत तर तुमच्या परीक्षकांना तो माणूस भाग्यवान वाटेल. त्या शरद ऋतूत इथल्या बाजारात दूध सुटलेलं एक वासरू साधारण तेवढ्यालाच जात होतं, हे त्याच ओळीत लिहा.